जुनी गाडी, कटिंगचे पार्ट आणि घरची दुरुस्ती : काय घ्यावे, काय टाळावे

जुनी मारुती ८००, झेन, सँट्रो किंवा इंडिका दारात उभी असलेल्या वाचकांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. सर्व्हिस सेंटरमध्ये 'हा पार्ट आता येत नाही' असे उत्तर मिळते. गॅरेजवाला म्हणतो, 'कटिंगचा माल लावू, निम्म्यात काम होईल.' घरातले म्हणतात, भंगारातला पार्ट म्हणजे जिवाशी खेळ. मग ऐकायचे कोणाचे? आणि थोडेफार काम स्वतःच्या हाताने करायचे असेल तर सुरुवात कुठून करायची?

पार्ट मिळेनासे होणे स्वाभाविक आहे. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. पहिली झेन तर २००६ मध्येच बंद झाली. नेहमी झिजणारे पार्ट आजही नवे मिळतात, पण दाराची काच चढवणारी यंत्रणा, डॅशबोर्डचे स्विच, मीटर, बिजागऱ्या अशा वस्तूंसाठी कटिंगला गेलेल्या गाड्यांकडेच वळावे लागते. त्यात कमीपणा काही नाही. फक्त एक नियम पक्का लक्षात ठेवा : जो पार्ट बिघडला तर गाडी जागेवर थांबेल, तो जुना चालतो. जो बिघडला तर गाडी थांबणारच नाही किंवा वळणारच नाही, तो नवाच घ्यायचा. पुढचे बरेचसे मार्गदर्शन या एका नियमावर उभे आहे.

आधी ठरवा : गाडी दुरुस्त करण्याजोगी आहे का?

पाना हातात घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासा.

- गंज. पायाखालची मॅट उचला आणि फ्लोअरचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. आवाज भरीव यायला हवा. पुढचे शॉक ॲब्सॉर्बर जिथे बसतात ती जागा, सस्पेन्शनचे आर्म जोडलेली जागा आणि दाराखालचा पट्टा नीट पाहा. कोकण आणि मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाड्या इथेच खचतात. ही जागा कुजली असेल तर इंजिन कितीही चांगले असले तरी खर्च करू नका.
- नोंदणीची मुदत. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओची तपासणी करून ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्यासाठीचा नमुना २५ मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत भरता येतो. नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर हिशोबात धरा.
- एकूण खर्च. आज लागणारा एकच पार्ट मोजू नका. येत्या वर्षात टायर, बॅटरी, क्लच यांपैकी काय येऊ घातले आहे तेही मांडा.
- तुमची गरज. आठवड्यातून दोनदा बाजारहाट करायला लागणारी गाडी आणि रोज घाट उतरणारी गाडी यांना एकच माप लावता येत नाही.

कोणता पार्ट जुना, कोणता नवा

कटिंगचा घ्यायला हरकत नाही :

- दारे, बॉनेट, डिकीचे झाकण, बंपर, आरसे, बिजागऱ्या
- हेडलाइट व टेललाइट (मागचे कान मोडलेले नसावेत, आत धूळ किंवा पाणी नसावे)
- काच चढवण्याची यंत्रणा, वायपर मोटर, हॉर्न, स्विच, मीटर
- सीटचा सांगाडा, दाराचे आतले पॅनेल, डॅशबोर्ड
- सेल्फ, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर (तपासून)
- लोखंडी रिम (बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून)
- रेडिएटर (पाणी भरून, गळती पाहून)
- इंजिन व गिअरबॉक्स (फक्त कागदपत्रांसह, त्याबद्दल पुढे)

नवाच घ्या, भाव कितीही कमी सांगितला तरी :

- ब्रेक पॅड, ब्रेक शू, ब्रेकचे होज, मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर
- स्टिअरिंगचे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट
- टायर
- सीट बेल्ट. अपघातात एकदा ताण बसलेला पट्टा बाहेरून धडधाकट दिसतो, आतून तो कामातून गेलेला असतो.
- एअरबॅग आणि तिचे सेन्सर
- टायमिंग बेल्ट, पेट्रोलच्या नळ्या, सगळी ऑइल सील व गॅस्केट
- सीएनजीची टाकी. तिची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. कुठून आली ते माहीत नसलेली टाकी गाडीत बसवणे म्हणजे घरच्यांना धोक्यावर बसवणे.

भावाचा अंदाज हवा असेल तर आधी नव्याचा भाव काढा. मुंबईत ऑपेरा हाउसचा आणि पुण्यात नाना पेठेचा परिसर नव्या पार्टच्या दुकानांसाठी ओळखला जातो. तिथला भाव हाताशी ठेवून मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या मालाच्या बाजारात जा. जुना पार्ट नव्याच्या निम्म्याहून महाग पडत असेल तर नवाच घ्या.

बाजारात जाण्यापूर्वीची तयारी

दुकानदाराला 'मारुतीचा अल्टरनेटर द्या' म्हणून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक बदल झालेले असतात. मारुती ८०० चेच पाहा. सुरुवातीची गाडी कार्ब्युरेटरची, नंतरची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची). पहिलीचा पेट्रोल पंप इंजिनवर, दुसरीचा विजेवर चालणारा टाकीत. म्हणजे टाकी, नळ्या, वायरिंग सगळेच वेगळे. ओम्नीचे इंजिनही त्याच ७९६ सीसी घराण्यातले. पण ओम्नी मागच्या चाकांवर चालते आणि ८०० पुढच्या. इंजिनच्या आतले बरेच सामान जुळते, गिअरबॉक्स मात्र एकमेकींना बसत नाही.

म्हणून सोबत हे न्या :

1. आरसीची प्रत. गाडीचे मॉडेल, उत्पादनाचा महिना व वर्ष, इंजिन क्रमांक त्यावर असतो.
2. काढलेला जुना पार्ट. मोबाइलमधल्या फोटोपेक्षा हातातला पार्ट शंभर पटींनी बोलका. बोल्टची भोके, कपलरच्या पिना, पुलीवरच्या खाचा समोरासमोर धरून मोजता येतात.
3. पार्टवर कोरलेला पूर्ण क्रमांक. शेवटची अक्षरे सोडू नका. फरक बहुधा तिथेच असतो.
4. टॉर्च, लोहचुंबक आणि मल्टिमीटर. चुंबक दारावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर पुटीचा जाड थर आहे.

पार्ट तपासावा कसा

विजेचे पार्ट. पुरात बुडालेल्या गाड्यांपासून सावध राहा. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या आपत्तीनंतर पाण्यात राहिलेल्या गाड्याही कटिंगला येतात. कपलर उघडून पाहा. खाचांत बारीक वाळलेला गाळ दिसला किंवा तांब्यावर हिरवट थर असला तर तो पार्ट खाली ठेवा. आज तो चालेल, पावसाळ्यात दगा देईल.

अल्टरनेटर. पुली हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेले. पुली आडवी हलवून पाहा, खेळ लागता कामा नये. बोल्ट बसतो त्या कानाला तडा आहे का, तेही पाहा. दुकानात बॅटरी लावून चाचणी करून मागा.

सेल्फ. बॅटरी देऊन फिरवून पाहा. पुढचे दातांचे चाक झटक्यात बाहेर आले पाहिजे आणि दात घासलेले नसावेत.

ईसीएम (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक). क्रमांक तंतोतंत जुळला तरी ज्या गाड्यांत किल्लीची सुरक्षा यंत्रणा आहे (मारुतीत ती आयकॅट्स नावाने येते), तिथे दुसऱ्या गाडीचा ईसीएम नुसता लावून गाडी सुरू होत नाही. जुळवून देणारा माणूस आधी शोधा, मग पैसे द्या.

इंजिन. पुढची पुली पान्याने हाताने फिरवा. अडखळत नाही ना ते पाहा. ऑइल भरण्याचे झाकण उघडा. आतून दुधाळ चहासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. शक्य असेल तिथे कॉम्प्रेशन टेस्ट मागा. सर्व सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. विकत घेतलेल्या इंजिनावर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि ऑइल सील नवी चढवल्याशिवाय ते गाडीत बसवू नका. एकदा बसवल्यावर त्याच कामासाठी पुन्हा सगळे उघडावे लागते.

घरी काय करावे, काय गॅरेजवर सोडावे

घरी बिनधास्त करता येणारी कामे : दिवे, आरसे, वायपर मोटर, स्विच, दाराचे पॅनेल व काचेची यंत्रणा, सीट, बॅटरी, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, अल्टरनेटर, रेडिएटरचे होज.

घरी करू नयेत अशी कामे : सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग उघडणे, इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणे, एसीचा गॅस सोडणे, पेट्रोल टाकीजवळ वेल्डिंग, एअरबॅगला हात लावणे. ब्रेकचे काम पहिल्यांदा करत असाल तर जाणत्या मेकॅनिकसमोरच करा आणि गाडी रस्त्यावर नेण्याआधी त्याच्याकडून पाहून घ्या.

हत्यारे फार लागत नाहीत : ८ ते १९ नंबरपर्यंतचे रिंग आणि डी पाने, गोटी पान्यांचा संच, पक्कड, दोन स्क्रू-ड्रायव्हर, मल्टिमीटर, गंजलेले बोल्ट सोडवणारा स्प्रे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चांगले वापरलेले पाने मिळतात. जॅक स्टँड मात्र नवे आणि दणकट घ्या.

सुरक्षेचे न मोडायचे नियम

- गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कधीही जाऊ नका. सपाट टणक जमीन, हँडब्रेक, जमिनीवरच्या चाकांना ओंडका आणि खाली दोन जॅक स्टँड; एवढे झाल्यावरच खाली वाका. विटा रचून त्यावर गाडी ठेवू नका, वीट एकदम फुटते.
- विजेच्या कोणत्याही कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रथम काढा. जोडताना ती शेवटी जोडा.
- इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका.
- बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.
- एकट्याने काम करत असाल तर घरात कोणाला तरी सांगून ठेवा.

नमुन्यादाखल एक काम : अल्टरनेटर बदलणे

पहिल्यांदा हात घालायला हे काम चांगले. जुन्या छोट्या गाड्यांत अल्टरनेटर बहुधा सहज हाती लागतो.

1. दोष खात्रीने ओळखा. इंजिन बंद असताना चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन सुरू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवेत. आकडा वर चढतच नसेल तर आधी बेल्ट, वायर आणि फ्यूज तपासा. कित्येकदा टर्मिनलवरचा पांढरा थर साफ केला की काम भागते आणि अल्टरनेटर बदलावाच लागत नाही.
2. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बेल्ट, कपलर आणि बोल्ट यांचे फोटो काढून ठेवा.
3. ताण देणारा बोल्ट सैल करा, अल्टरनेटर इंजिनच्या दिशेने ढकला, बेल्ट उतरवा. बेल्टला चिरा दिसल्या तर तो आताच नवा घ्या.
4. कपलर आणि मागची जाड वायर सोडवा, मग बोल्ट काढून अल्टरनेटर बाहेर घ्या.
5. आणलेला पार्ट जुन्याशेजारी ठेवून सगळ्या जागा पुन्हा एकदा जुळवा. बसवताना बोल्ट आधी हाताने फिरवा. पहिल्याच आट्याला पाना लावलात तर आटे मरतात.
6. बेल्टला ताण द्या. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबला की बरोबर. फार ताणलात तर बेअरिंग जाते.
7. बॅटरी जोडा, गाडी सुरू करा, व्होल्टेज मोजा. हेडलाइट आणि पंखा चालू करून पुन्हा मोजा. आकडा १३ च्या खाली जात असेल तर पार्ट त्याच दिवशी परत न्या.

कायद्याच्या बाजू : इथे चूक महाग पडते

इंजिन. इंजिन क्रमांक आरसीवर नोंदलेला असतो. दुसरे इंजिन टाकायचे तर आरटीओकडे नोंद करून आरसी दुरुस्त करून घ्यावीच लागते. म्हणून इंजिन उतरवण्याआधी आरटीओत चौकशी करा. मूळ गाडीच्या आरसीची किंवा नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत आणि विक्रेत्याचे बिल नसेल तर ते इंजिन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. विमा कंपनीलाही लेखी कळवा. कागदावर एक क्रमांक आणि गाडीत दुसरा असेल तर दाव्याच्या वेळी अडचण तुमचीच होते.

चासी क्रमांक असलेला तुकडा. तो कोणी विकायला काढला तर त्या दुकानातून परत फिरा. दोन गाड्या जोडून एक करणे आणि क्रमांकात फेरफार करणे हा गुन्हा आहे.

बदल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच मॉडेलचा तसाच दरवाजा किंवा दिवा लावणे यात येत नाही. वेगळ्या रंगाचे दार आणले असेल तर ते आरसीवर नोंदलेल्या रंगात रंगवून घ्या.

चोरीचा माल. चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे वाटण्यास जागा असताना माल घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. इंजिनासारख्या मोठ्या खरेदीआधी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत इंजिन व चासी क्रमांक टाकून गाडी चोरीची नाही ना हे तपासता येते.

सुट्या पार्टसाठी अख्खी गाडी घेणे. हा मोह अनेकांना होतो. पण कायमची निकामी झालेली गाडी आरटीओला कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि कायद्याने त्यासाठी १४ दिवस दिले आहेत. नोंदणी दुसऱ्याच्या नावावर असलेली गाडी अंगणात कापू नका. आयुष्य संपलेल्या गाडीची जागा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच आहे.

पीयूसी. कार्ब्युरेटर, इंजिन किंवा सायलेन्सरचे काम केल्यावर लगेच तपासणी करून घ्या. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांची पीयूसी सहा महिन्यांचीच असते, हेही विसरू नका.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क

जुन्या बाजारात 'चेकिंग गॅरंटी' तोंडी मिळते : लावून बघा, नाही चालला तर परत आणा. ती कागदावर घ्या. बिलावर एवढे लिहून घ्या : दुकानाचे नाव व पत्ता, पार्टचे नाव व क्रमांक, 'वापरलेला, चालू स्थितीत' हे शब्द, परत करण्याची मुदत. पैसे यूपीआयने दिले तर व्यवहाराची नोंद आपोआप राहते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुम्हाला पुढील आधार देतो :

- बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- जुना किंवा रीकंडिशन केलेला माल नवा म्हणून विकणे हीदेखील अनुचित प्रथा आहे.
- सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणेही त्यातच मोडते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावून ही जबाबदारी झटकता येत नाही.
- तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तेवढ्याने न मिटल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आहे आणि मोटारगाड्या त्यात येतात. कंपनीची दुरुस्तीविषयीची माहिती आधी तिथे शोधा.

काम संपल्यावरची जबाबदारी

- काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवर किंवा जुने ऑइल घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्या.
- जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या. तिचे पैसे वळते होतात.
- सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर आधी कमिटीशी बोला, खाली पत्रा किंवा जाड प्लॅस्टिक अंथरा आणि काम त्याच दिवशी आवरा.
- कोणता पार्ट कधी, कुठून, किती किलोमीटरला लावला याची वही ठेवा. पुढचा दोष शोधायला मेकॅनिकलाही ती उपयोगी पडते आणि गाडी विकताना चार पैसे जास्त मिळवून देते.

नीट निवडलेल्या जुन्या पार्टांवर चांगली गाडी आणखी काही वर्षे बिनघोर चालते आणि वापरण्याजोगी वस्तू भट्टीत जात नाही. त्यासाठी वाचकांना दोनच गोष्टींचा आग्रह धरायला सांगतो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि सीट बेल्ट यांत काटकसर करू नका. आणि दहा रुपयांचा स्विच असो की अख्खे इंजिन, बिलाशिवाय माल घेऊ नका. बिल न मागणारे गिऱ्हाईक आहे तोवरच चोरीच्या गाड्यांची कटिंग चालते. ती थांबवणे आपल्यासारख्या घेणाऱ्यांच्या हातात आहे.